सही करण्याआधी : कामावरील अपघात आणि भरपाईचा हक्क

(कार्यकर्ता शिबिरात रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘नुकसानभरपाईचा कायदा’ असा छापला आहे. कायदा म्हटले की आपली माणसे घड्याळाकडे बघू लागतात. मी वकील नाही. मॅट्रिक झालो आणि रेल्वेत चिकटलो. पण गेली अनेक वर्षे जखमी कामगारांचे आणि मेलेल्या कामगारांच्या बायकांचे कागद घेऊन मी कार्यालयांचे जिने चढतो आहे. त्यातून जे कळले तेवढेच सांगतो. एकच गोष्ट इथून घेऊन जा. अपघाताची भरपाई निकालाच्या दिवशी ठरत नाही. ती अपघाताच्या पहिल्या दिवशी काय लिहिले गेले आणि पहिल्या महिन्यात आपण कशावर सही केली, यावर ठरते.

प्रथम हे लक्षात घ्या की भरपाई ही मेहेरबानी नाही. साहेब चांगला म्हणून मिळाली आणि वाईट म्हणून बुडाली, असे तिचे नाही. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनकडे दिले. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या आपल्याला पाठ आहेत. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती. काम करताना जबर इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, १९२३ साली, कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. म्हणजे हा हक्क आपल्या आजोबा-पणजोबांच्या अंगठ्यांनी मागितलेला आहे.

हा कायदा २०१० पासून ‘कर्मचारी नुकसानभरपाई कायदा’ या नावाने ओळखला जाऊ लागला. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या आणि भरपाईचा विषय ‘सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०’ मध्ये गेला. या संहितांविषयी आपल्या संघटनांचे जे म्हणणे आहे ते आपण रस्त्यावर मांडतोच. पण जखमी माणसाला आंदोलन संपेपर्यंत थांबता येत नाही. त्याला आज लागू असलेल्या कायद्यातून पैसे काढून द्यायचे असतात. भरपाईपुरते बोलायचे तर जुन्या कायद्याचा सांगाडा नव्या संहितेत बराचसा तसाच ठेवला आहे. आणि ज्या दिवशी अपघात त्या दिवशीचा कायदा, हे सूत्र धरा. २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीचा अपघात असेल तर जुन्या कायद्याने हक्क उभा राहिलेला आहे. ‘तो कायदा गेला, आता काही नाही’ असे कोणी सांगितले तर ऐकू नका.

आता हा कायदा कोणाला लागू होतो ते पाहू. ‘आपण सरकारी नोकर, आपल्याला हा कायदा नाही’ असा आपल्यात मोठा गैरसमज आहे. तो काढून टाका. रेल्वे नोकर या कायद्यात येतो. विभागीय किंवा प्रशासकीय कार्यालयात कायम टेबलावर काम करणारे तेवढे वगळले आहेत. लाईनवरचा ट्रॅकमेंटेनर, ज्याला आपण अजून गँगमन म्हणतो, यार्डातला पॉइंट्समन, शेडमधला खलाशी, सी अँड डब्ल्यूचा फिटर, लोको पायलट, हे सगळे आत. पोस्टातल्या साथींनी तर नीट ऐकावे. कायद्याच्या यादीत रेल्वे मेल सर्व्हिसचे इन्स्पेक्टर, मेल गार्ड, सॉर्टर आणि व्हॅन पिऊन यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. त्याच ओळीत पोस्ट खात्यात ज्यांचे काम साधारणपणे बाहेर फिरण्याचे आहे त्यांचाही उल्लेख आहे. म्हणजे बीटवर सायकल किंवा मोटारसायकल घेऊन फिरणारा पोस्टमन त्यात येतो. बीटवर ट्रकने उडवले तर तो नुसता रस्त्यावरचा अपघात नाही, तो कामावरचा अपघात आहे.

आणि कंत्राटी कामगार? रेल्वेशी करार केलेल्या कंत्राटदाराकडे किंवा पोटकंत्राटदाराकडे काम करणाराही त्या यादीत आहे. एवढेच नाही. काम रेल्वेचे नेहमीचे असेल आणि अपघात रेल्वेच्या ताब्यातील जागेत झाला असेल, तर भरपाई मुख्य मालकाकडून, म्हणजे रेल्वेकडून मागता येते. रेल्वेने ती द्यावी आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करावी. कंत्राटदार पळून गेला, त्याचा फोन बंद आहे, हे जखमी माणसाचे दुखणे नाही. मात्र एक पाहा. तो कंत्राटी कामगार राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये असेल, तर त्याचा हक्क त्या योजनेतून मिळतो. दोन्हीकडून घेता येत नाही. त्याच्या पगारपत्रकात ईएसआयची कपात आहे का, हे पहिल्यांदा बघा.

कामावरचा अपघात म्हणजे काय? नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झालेला अपघात. इथे चूक कोणाची हा प्रश्न मुळात नाही. दिवाणी दाव्यात मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. इथे तसे नाही. तुमचे लक्ष नव्हते, तुम्ही घाईत होता, पाय घसरला, तरीही भरपाई आहे. मालकाला सुटायचे असेल तर त्याला तीनपैकी एक गोष्ट दाखवावी लागते. माणूस दारू किंवा नशेत होता, त्याने सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढून टाकले. ‘जाणूनबुजून’ हा शब्द महत्त्वाचा. आणि मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला, तर हे तीनही बहाणे चालत नाहीत. ट्रॅकवर गाडीखाली सापडलेल्या माणसाच्या चौकशीत ‘स्वतःचा निष्काळजीपणा’ असे लिहून फाईल बंद केली जाते आणि बायको गप्प बसते. तिला जाऊन सांगा की त्या शेऱ्याने तिची भरपाई बुडत नाही.

ड्यूटीला येता-जाता झालेल्या अपघाताचे काय? यावर खूप वर्षे भांडणे झाली. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईच्या बेस्टच्या एका बसचालकाच्या विधवेचा खटला होता. तो ड्यूटी संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी जात होता. त्या बसला अपघात झाला आणि तो गेला. न्यायालयाने तो नोकरीच्या ओघातला मृत्यू धरला. दुसरा खटला आपल्या मराठवाड्यातला. साखर कारखान्याचा वॉचमन पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना वाटेत मारला गेला. ही घटना २००३ ची. उस्मानाबादच्या आयुक्तांनी भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. बावीस वर्षे त्या कुटुंबाने वाट पाहिली. आता संहितेतच लिहिले आहे की घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येतानाचा अपघात, त्या वेळेचा, जागेचा आणि कामाचा संबंध दिसत असेल तर, कामावरचाच धरावा. म्हणून कोणती पाळी होती, कितीला घरून निघाला, नेहमीचा रस्ता कोणता, हे लगेच लिहून ठेवा. नाईट ड्यूटीला निघालेला माणूस वाटेत दोन तास दुसऱ्या गावी गेला असेल तर तो संबंध तुटतो.

आता रकमेचा हिशेब. हा भाग फळ्यावर लिहून घ्या, म्हणजे कोणी फसवणार नाही. चार गोष्टी लागतात : महिन्याचा पगार, वय, इजेचा टक्का आणि कायद्याच्या कोष्टकातला आकडा. वय कमी तेवढा हा आकडा मोठा. ३० वर्षांना २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९. मृत्यू झाला तर पगाराचा निम्मा भाग गुणिले हा आकडा. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर पगाराचे ६० टक्के गुणिले हा आकडा. कायमचे अंशतः अपंगत्व असेल तर त्या ६० टक्क्यांच्या रकमेतला इजेचा टक्का.

पण पगार कितीही असला तरी सगळा धरत नाहीत. त्यावर सरकारने मर्यादा घातली आहे. २०१० मध्ये ती ८ हजार रुपये केली आणि ३ जानेवारी २०२० पासून १५ हजार. म्हणजे सातव्या वेतन आयोगात ज्याचा मूळ पगार १८ हजारांपासून सुरू होतो, तो रेल्वेचा सर्वांत खालचा कामगारही या मर्यादेच्या वर आहे. लोको पायलट असो की ट्रॅकमेंटेनर, हिशेब १५ हजारांवरच झाला. २०१० ते २०२० ही दहा वर्षे महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढत होता, पण मेलेल्या कामगाराचा पगार ८ हजारांवरच मोजला जात होता. ही मर्यादा महागाई निर्देशांकाशी जोडा, ही मागणी आपण सोडता कामा नये. हिशेब करताना अपघाताच्या तारखेला कोणती अधिसूचना चालू होती ते मात्र पाहून घ्या.

उदाहरण घ्या. ४० वर्षांचा ट्रॅकमेंटेनर, पगार १५ हजार धरला. ६० टक्के म्हणजे ९ हजार. गुणिले १८४.१७. झाले १६ लाख ५७ हजार ५३० रुपये. हे पूर्ण अपंगत्वाचे. त्याचा एक अंगठा गेला तर परिशिष्टात ३० टक्के आहेत, म्हणजे ४ लाख ९७ हजार २५९. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४० टक्के. एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के. ३५ वर्षांचा माणूस मेला तर साडेसात हजार गुणिले १९७.०६, म्हणजे १४ लाख ७७ हजार ९५०. उपचाराचा खर्च याच्याबाहेर. औषधपाण्याला मालकाने दिलेला पैसा भरपाईत कापून घेता येत नाही.

इजेच्या टक्क्यावर सगळ्यात जास्त फसवणूक होते, म्हणून थोडे थांबतो. डॉक्टर जे लिहितो तो शरीराच्या अपंगत्वाचा टक्का असतो. कायदा विचारतो तो कमाईच्या ताकदीत किती घट झाली हा टक्का. दोन्ही एक नाहीत. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने ओरिसातल्या एका सुताराचा खटला निकालात काढला. काम करताना पडून त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एक हात गेला म्हणजे परिशिष्टाप्रमाणे काही शंभर टक्के होत नाहीत. पण न्यायालय म्हणाले, सुताराला एका हाताने सुतारकाम करता येत नाही, म्हणून त्याचे नुकसान शंभर टक्के. त्याच निकालात हेही सांगितले की भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, आयुक्तांनी निकाल दिल्यावर नव्हे. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना सांगा : हा माणूस काय काम करत होता, ते आता त्याला करता येईल का, हे लिहा. परिशिष्टातली इजा असेल तर टक्का कायद्यानेच ठरवला आहे. ‘तुमचा पगार चालूच आहे, मग कसली भरपाई’ हा जबाब तिथे चालत नाही.

काही दिवसांपुरतीच इजा असेल तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के मिळतात. १५ हजारांवर ते ३ हजार ७५० होतात. पहिले तीन दिवस धरत नाहीत. पण २८ दिवस किंवा जास्त काम बुडाले तर पहिल्या दिवसापासून मिळते. आपल्या कायम कामगारांना याची फारशी गरज पडत नाही, कारण २०१७ पासून जुन्या हॉस्पिटल लीव्हच्या जागी कामाशी संबंधित आजार व इजेची रजा आली आहे. दवाखान्यात दाखल असेपर्यंत पूर्ण पगार आणि भत्ते, त्यानंतर सहा महिने पूर्ण पगार, पुढे बारा महिने अर्धा पगार. पण कंत्राटी मजुराला, ज्याची चूल रोजच्या हजेरीवर पेटते, त्याला ही पंधरवड्याची रक्कमच आधार असते. ती मागायला कोणी सांगत नाही म्हणून तो मागत नाही.

आता पहिल्या दिवसाचे कागद. अपघात झाल्यावर माणसाला उचलणे हे पहिले काम, त्यात वाद नाही. पण दुसरा एक जण कागदावर ठेवा. किलोमीटर नंबर, मास्ट नंबर, वेळ, काय काम चालू होते, कोणाच्या हुकमावरून चालू होते, सोबत कोण होते, हे त्याच दिवशी लिहून सुपरवायझरला द्या आणि पोच घ्या. पोस्टमन असेल तर बीटचे नाव आणि त्या दिवशी वाटपाला दिलेल्या नोंदणी टपालाची यादी जपा. रेल्वे दवाखान्यातल्या केस पेपरवर ‘ड्यूटीवर असताना दुखापत’ अशी नोंद झाली पाहिजे. घाईत ‘पडल्याने इजा’ एवढेच लिहितात आणि वर्षभराने तेच दोन शब्द आपल्या विरुद्ध उभे राहतात. मृत्यू असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदनाच्या नकला घ्या. कंत्राटी कामगार असेल तर तो तिथे कामाला होता हेच आधी नाकारतात. हजेरी, गेटपास, बँकेत जमा झालेला पगार, पीएफ नंबर, रेल्वेच्या श्रमिक कल्याण पोर्टलवरची नोंद, जे मिळेल ते गोळा करा. मालकाने फुकट वैद्यकीय तपासणीला बोलावले तर जा. नकार दिला तर तेवढा काळ हक्क थांबतो.

यानंतर येतो तो तडजोडीचा प्रसंग, ज्यासाठी मी आज उभा आहे. कंत्राटदाराचा माणूस दवाखान्यात येतो. हातात फळांची पिशवी, खिशात स्टॅम्प पेपर. समजा ३० वर्षांचा मजूर आहे, महिना १२ हजार मिळतात, ईएसआय नाही. रूळ उतरवताना पहार निसटली आणि उजव्या हाताची चार बोटे गेली. घरी पैसा नाही, बायको दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेली. कंत्राटदार ५० हजार रोख पुढे करतो आणि म्हणतो, ‘कोर्टात गेलास तर दहा वर्षे फिरशील, हे घे आणि मोकळा हो.’ कागदावर लिहिलेले असते : ‘मला पूर्ण भरपाई मिळाली, माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.’ मजूर डाव्या हाताचा अंगठा उठवतो, कारण उजव्या हाताने आता सही करता येत नाही.

आता हिशेब करा. १२ हजारांचे ६० टक्के ७ हजार २००. गुणिले २०७.९८, म्हणजे १४ लाख ९७ हजार ४५६. त्याचे ५० टक्के म्हणजे ७ लाख ४८ हजार ७२८. हक्काचे साडेसात लाख, आणि हातात ५० हजार.

पण तो अंगठा उठला म्हणून सगळे संपले असे नाही, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. कायद्याने सांगितले आहे की भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा कोणताही करार रद्दबातल. कायद्यात तडजोडीला जागा आहे, नाही असे नाही. पण तिचा कागद आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. रक्कम अपुरी दिसली, किंवा फसवून, दबाव टाकून करार केलेला दिसला, तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. आणि नोंदणीच केली नाही तर मालकाला पूर्ण भरपाई द्यावी लागते. आधी दिलेल्या रकमेतली निम्म्याहून जास्त त्याला वजा करता येत नाही. आपल्या उदाहरणात ५० हजारांपैकी फार तर २५ हजार वजा होतील. म्हणजे दवाखान्यात गुपचूप केलेला कागद कंत्राटदाराच्याच गळ्यात पडतो. फक्त कोणीतरी त्या मजुराला हे सांगायला हवे, आणि दोन वर्षांच्या आत सांगायला हवे. कारण दावा दोन वर्षांत करायचा असतो. उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळू शकते, पण माफीच्या भरवशावर कोणी बसू नये.

मृत्यूच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे. भरपाई वारसांच्या हातात परस्पर देता येत नाही. ती आयुक्तांकडेच भरावी लागते. मधल्या काळात तीन महिन्यांच्या पगारापर्यंत आगाऊ रक्कम तेवढी देता येते. आयुक्त विधवा, मुले, आई-वडील यांच्यात वाटणी करतात आणि लहान मुलांचा वाटा बँकेत ठेवायला सांगू शकतात. आपल्या काही बायकांना वाटते की सरकार आपले पैसे अडकवून ठेवते. त्यांना समजावा की ही तरतूद दीर, सावकार आणि दलाल यांच्यापासून पैसे वाचवण्यासाठी आहे. भरपाईवर कोणाच्या कर्जाची जप्ती येत नाही आणि ती कोणाच्या नावे लिहूनही देता येत नाही. ‘वीस टक्के द्या, केस काढून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. नोंदणीकृत युनियनच्या पदाधिकाऱ्याला कामगाराने लेखी अधिकार दिला तर तो स्वतः आयुक्तांपुढे उभा राहू शकतो. हा अधिकार आपण फार कमी वापरतो.

आयुक्त कोण? राज्य सरकारने नेमलेला अधिकारी. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे किंवा दिवाणी न्यायालयाचे न्यायाधीश हे काम पाहत आले आहेत. नव्या संहितेत त्यांना ‘सक्षम प्राधिकारी’ म्हटले आहे. महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या साथींनी एक ध्यानात ठेवावे. अपघात इटारसीला किंवा सिकंदराबादला झाला, पण बायको-मुले जळगाव जिल्ह्यात राहतात, तर दावा त्यांच्या राहत्या ठिकाणीही करता येतो. परक्या मुलखात तारखांना जाण्याची गरज नाही.

पैसे देय झाल्यापासून एका महिन्यात दिले नाहीत तर दर साल दर शेकडा १२ टक्के सरळ व्याज. उशिराला कारण नसेल तर त्यावर ५० टक्क्यांपर्यंत दंड. आपल्या मजुराच्या रकमेवर एका वर्षाचे व्याजच ८९ हजार ८४७ रुपये होते. म्हणजे कंत्राटदाराने दाखवलेल्या ५० हजारांपेक्षा जास्त. ‘कोर्टात उशीर होतो’ म्हणणाऱ्याला हे उत्तर द्या.

एकाच अपघातासाठी दोन दरवाजे असतील तर एक निवडावा लागतो. पोस्टमनला ट्रकने उडवले तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा भरपाई आयुक्त, दोन्हीपैकी एक. मोटार न्यायाधिकरणात पगाराची ही मर्यादा नाही, म्हणून तिथे रक्कम जास्त होऊ शकते, पण समोरच्या चालकाची चूक दाखवावी लागते. गाडी घसरली किंवा टक्कर झाली आणि ड्यूटीवरचा रेल्वे नोकर सापडला, तर रेल्वे कायद्याने तोही प्रवासी धरला जातो आणि त्याला रेल्वे दावा न्यायाधिकरणात जाता येते. तिथे मृत्यूची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून चार लाखांवरून आठ लाख केली. पण एकाच अपघातासाठी दोनदा भरपाई नाही. तेव्हा अर्ज टाकण्याआधी दोन्हीकडचा हिशेब मांडा. आपल्या ३५ वर्षांच्या माणसाच्या उदाहरणात आयुक्तांकडे पावणेपंधरा लाख होतात, हे विसरू नका. केंद्र सरकारच्या नोकराचा ड्यूटी बजावताना अपघाती मृत्यू झाला तर २०१६ पासून २५ लाख रुपये सानुग्रह रकमेचा आदेश आहे. त्याचा अर्ज वेगळा, नियम वेगळे. एक अर्ज दिला म्हणून दुसरा आपोआप होत नाही.

शेवटचा मुद्दा नोकरीचा. पाय गेला, डोळा गेला, मेडिकल बोर्डाने जुन्या कामाला नापास केले, की साहेब प्रेमाने सांगतात, ‘आता राजीनामा द्या, मुलाचे बघू.’ असल्या कागदावर सही नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला सरकारी आस्थापना काढू शकत नाही, त्याचा दर्जा कमी करू शकत नाही. त्याला त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. तसे काम नसेल तर काम मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवावे लागते. भरपाई घेतली म्हणून नोकरी सोडावी लागत नाही. नोकरी राहिली म्हणून भरपाई सोडावी लागत नाही.

साथींनो, भाषण ऐकून घरी जाऊ नका. प्रत्येक शाखेने एक वही करावी आणि अपघाताची तारीख, पोच, केस पेपर, दाव्याची मुदत तिच्यात लिहावी. एका कार्यकर्त्याने ती सांभाळावी. कंत्राटी मजूर आपला सभासद नसला तरी त्याचे नाव त्या वहीत यावे, कारण तो ज्या रुळाखाली सापडतो तो रूळ आपलाच आहे. अपघात झाला की युनियनचा माणूस फळांच्या पिशवीवाल्याच्या आधी दवाखान्यात पोचला पाहिजे. जखमी माणसाला तेव्हा एवढेच सांगायचे : तू बरा हो, कागद आम्ही बघतो, आम्हाला विचारल्याशिवाय कशावर सही करू नकोस, अंगठा देऊ नकोस.

कामगार एकजुटीचा विजय असो!